रस्त्याच्या कडेला थांबायची सोय नाही

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी नेस्टर हावरिशला गाडी चालवायचा परवाना मिळाला, तेव्हा लिपोव्का गावात दोन मतं पडली. परीक्षा घेणाऱ्या साहेबाला नेस्टरची दया आली, हे एक मत. साहेबाला स्वतःचीच दया आली, कारण पुन्हा एकदा नेस्टरच्या शेजारी बसायची त्याची छाती नव्हती, हे दुसरं. नेस्टरला स्वतःला दुसरं मत जास्त पटत होतं. पण त्याचं मत कुणी विचारलं नाही, आणि न विचारता मत द्यायची त्याला सवय नव्हती.

तो शाळेत ग्रंथपाल होता. शाळा घरासमोर. त्यामुळे नोकरीची सगळी वर्षं त्यानं एक रस्ता ओलांडण्यात काढली. बाकी जिथं कुठं जायचं तिथं त्याची बायको ओलेना त्याला घेऊन जायची. ओलेना ट्रॅक्टर चालवायची, मळणीचं अवाढव्य यंत्र चालवायची आणि नेस्टरलाही तीच चालवायची. तो शेजारी बसून मांडीवर पुस्तक उघडायचा आणि मुक्काम आला की मिटायचा. वाटेत डोंगर लागतो की दरी, हे त्याला ठाऊक नव्हतं. आमच्या सस्कॅचेवान प्रांताच्या सपाट मुलखात यातलं काहीच लागत नाही, ही गोष्ट वेगळी.

दोन हिवाळ्यांपूर्वी ओलेना गेली. तिची लांबलचक निळी गाडी गॅरेजात उभी राहिली, आणि नेस्टर किराणा आणायलासुद्धा ज्याच्या त्याच्या ट्रकमध्ये, कुत्र्याच्या शेजारी बसून जाऊ लागला. ईस्टरला त्याची मुलगी लारिसा आली. ती नवरा ग्लेनबरोबर तिकडे मॅनिटोबात राहते, ब्रँडनच्या एका दवाखान्यात नर्सेसची प्रमुख आहे. तिनं वडिलांचं स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, आत ओळीनं सुपाचे डबे पाहिले, आणि कपाट अगदी हळू बंद केलं. तिनं कपाट आपटलं असतं तर नेस्टरला धीर आला असता. हळू बंद केलं म्हणजे निर्णय झाला होता.

“तातो,” ती म्हणाली. वडिलांना ती आपल्या लोकांच्या रीतीप्रमाणे ‘तातो’च म्हणे. “ब्रँडनला ‘सोनेरी कुरण’ म्हणून वृद्धांसाठी फार छान जागा आहे. गरम जेवण, डॉक्टर, बिंगो, सगळं आहे.”

“मी इथं बरा आहे.”

“इथं तुम्ही बेटावर आहात. बस नाही, दुकान नाही. उद्या काही झालं तर?”

“गाडी शिकेन की.”

लारिसा आधी हसली, मग खूप हसली, मग डोळे पुसत म्हणाली, “बरं. बर्फ पडायच्या आत तुम्ही स्वतः गाडी चालवत माझ्या दारात या. मग मी त्या जागेचं नाव काढणार नाही. नाही जमलं, तर मुकाट्यानं खोली घ्यायची. कबूल?”

नेस्टरनं खिडकीबाहेर पाहिलं. ओलेनानं लावलेली लायलॅकची झुडपं होती, पलीकडे शाळा होती. घरात प्रत्येक भिंतीला पुस्तकं होती, आणि ‘सोनेरी कुरण’च्या खोलीत एका माणसाला एक फळी मिळते असं त्यानं ऐकलं होतं. “कबूल,” तो म्हणाला. हा शब्द आपण उच्चारला याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. ओलेना असती तर तिला त्याहून जास्त वाटलं असतं.

परवाना हाती आला तोवर सप्टेंबर उजाडला होता. सोबतीला त्याचा मित्र ओस्टाप बाबियाक निघाला. ओस्टापनं उभा जन्म गावाच्या धान्यकोठारावर शेतकऱ्यांचा गहू मापण्यात घालवला. आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असल्यामुळे त्याचा परवाना सरकारनं काढून घेतला होता. नेस्टरकडे परवाना आहे पण अनुभव नाही, आपल्याकडे अनुभव आहे पण परवाना नाही, म्हणजे दोघं मिळून एक पूर्ण ड्रायव्हर होतो, असं ओस्टापचं म्हणणं. सहकारी पेट्रोल पंपाच्या मागच्या बाजूला कॉफीचं एक लांब टेबल आहे. तिथं रोज सकाळी गावातले निवृत्त पुरुष बसून जगाचा कारभार बघतात. ओस्टापचं हे म्हणणं त्यांनी मान्य केलं. फक्त तो ड्रायव्हर पोहोचेल का, यावर एकमत होईना.

सल्ले मात्र भरपूर मिळाले.

“मोठ्या रस्त्यानं जाऊ नकोस. मालवाहू ट्रक चिरडून टाकतील.”

“आडरस्त्यानं तर मुळीच जाऊ नकोस. मूस आडवा येतो, घोड्याएवढं हरीण ते.”

“आणि मूस आला तर ब्रेक दाबू नकोस.”

“काय सांगतोस त्याला? ब्रेक दाब रे, नेस्टर.”

“दाबलास तर तो मांडीवर येऊन बसेल!”

यावर टेबलाचे दोन तट पडले आणि नेस्टर कधी उठून गेला ते कुणाला कळलं नाही. पण निघायच्या दिवशी हे सगळे त्याच्या दारात हजर. प्रत्येकानं काहीतरी आणलं होतं. एकानं फावडं, एकानं दोर, एकानं वाळूचं पोतं, एकानं घोंगडी, आणि एकानं कॉफीच्या डब्यात ठेवलेली मेणबत्ती, हिमवादळात अडकल्यास हात शेकायला. बाहेर कोवळं ऊन पडलं होतं आणि गहू सोन्यासारखा पिकला होता. नेस्टरनं सगळ्यांचे आभार मानून मेणबत्तीही ठेवून घेतली. कुणाला नाही म्हणणं त्याला जमत नसे. ही खोड पुढं त्याला किती महागात पडणार आहे हे त्याला माहीत असतं, तर तो त्या दिवशी फक्त मूसला घाबरला नसता.

त्यानं आडरस्ता निवडला. आमच्याकडचे आडरस्ते म्हणजे वहीवर आखलेल्या चौकटी. सगळे सरळ, सगळे खडीचे, आणि चारही दिशांना सारखेच. “इथं हरवायला अक्कल लागते,” ओस्टाप म्हणाला आणि मांडीवर लसणीच्या कोबासाचा, म्हणजे आमच्याकडच्या सॉसेजचा, तुकडा घेऊन आरामात बसला. “मी सांगतो रस्ता. पुढं लाल कोठार दिसलं की डावीकडं घे.”

बराच वेळ गेला. लाल काही दिसेना.

“ओस्टाप, कोठार कुठं आहे?”

“पाडलं ते. फार वर्षं झाली.”

“मग मला दिसणार कसं?”

“तुला नाही दिसायचं. तू कधी बघितलंस ते? तू पुस्तक वाचत होतास.”

थोड्या वेळानं नेस्टरच्या लक्षात आलं की ओस्टापच्या डोक्यातल्या नकाशावर अजून सगळी जुनी कोठारं उभी आहेत, आणि ती जमिनीवर असोत नसोत, तो त्यांच्यावरूनच रस्ता सांगणार आहे. त्याला कागदाचा नकाशा बघायला हवा होता. चालत्या गाडीत नकाशा बघू नये, असं नियमांच्या पुस्तकात लिहिलं होतं, आणि ते पुस्तक नेस्टरला तोंडपाठ होतं. म्हणून त्यानं वळायचा दिवा लावून, आरसे बघून, गाडी अगदी शिस्तीत कडेला घेतली आणि थांबवली.

इथं त्याची चूक झाली. प्रेअरीवर, म्हणजे आमच्या या ओसाड मैदानी मुलखात, रस्त्याच्या कडेला कुणी उगाच थांबत नाही. थांबला म्हणजे संकटात आहे. आणि संकटातल्या माणसाला सोडून पुढं जाणारा माणूस पुन्हा आपल्या चर्चमध्ये, आपल्या दुकानात, आपल्या घरात तोंड दाखवू शकत नाही. कुणी दंड करत नाही, पण दाखवू शकत नाही. नेस्टर नकाशा उलगडतो न उलगडतो तोच एक ट्रक धूळ उडवत आला, पुढं गेला, कचकन थांबला आणि मागं आला. लाल टोपीचा एक धिप्पाड शेतकरी उतरला.

“सगळं ठीक आहे ना, काका?”

याचं उत्तर ‘हो, ठीक आहे, नकाशा बघतोय’ असं होतं. एवढंच म्हणायचं होतं. पण नेस्टरनं त्या माणसाकडं पाहिलं. ऐन कापणीचा दिवस होता. त्याच्या अंगावर भुशाचा थर होता. दूर शेतात त्याचं यंत्र उभं दिसत होतं. म्हणजे हा माणूस आपल्यासाठी यंत्र बंद करून आला. अशा माणसाला ‘काही नाही, जा’ म्हणून कसं पाठवायचं? दारात आलेल्याला पाणीसुद्धा न विचारण्यासारखं झालं ते.

“म्हणजे... तसं ठीकच आहे,” नेस्टर म्हणाला. “पण इंजिन... जरा गरम होतंय की काय, असं आपलं वाटलं.”

शेतकऱ्याचा चेहरा उजळला. “उघडा बरं झाकण.”

“अरे, इंजिन कुठं गरम...” ओस्टापनं सुरुवात केली.

“तू गप्प बस,” नेस्टर कुजबुजला. “तो खास आपल्यासाठी आलाय.”

शेतकऱ्यानं झाकण उघडलं, बराच वेळ आत पाहिलं, हुंगलं. गाडीत काहीच बिघाड नव्हता. पण एवढ्या लांबून आलेल्या माणसालाही रिकाम्या हातानं जाववेना. शेवटी त्यानं आपला पाना आणला आणि पंख्याचा पट्टा आवळला. “सैल होता जरासा,” तो म्हणाला. नेस्टरनं त्याचे आभार मानले, त्यानं नेस्टरचे मानले, आणि जाता जाता मागच्या सीटवर दुधीसारखी एक भली मोठी झुकिनी ठेवून तो गेला. आमच्याकडे त्या दिवसांत झुकिनीचं इतकं पीक येतं की ती कुणाच्या तरी गाडीत ठेवल्याशिवाय कुणाला झोप येत नाही.

गाडी सुरू झाली आणि डुकराच्या पिल्लाचा कान पिळल्यासारखा आवाज येऊ लागला.

“पट्टा,” ओस्टाप म्हणाला. “जास्त आवळला त्यानं.”

“चांगल्या मनानं आवळलाय.”

“मन चांगलंच आहे त्याचं. आवाज वाईट आहे.”

ते तसेच किंचाळत पुढं निघाले. शेतांतल्या गाई माना वर करून बघत होत्या. एका मैलभरात नेस्टरच्या डोक्यात तो आवाज असा भिनला की त्याला काही सुचेना. ‘ब्रँडन’ एवढा एकच शब्द मनात घोळवत त्यानं आणखी काही मैल रेटले. मग निरुपायानं, इकडं तिकडं नीट बघून, क्षितिजापर्यंत कुणी नाही अशी खात्री करून, तो थांबला. या वेळी गाडीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, असं त्यानं पक्कं ठरवलं.

कुणी नव्हतं ते कुठून आलं देव जाणे. पिकअपमधून एक बाई उतरली. दांडगी, गोऱ्या हातांवर उन्हाचे डाग, डोक्याला रुमाल. मागं झाकण लावलेली पातेली होती. शेतावर कापणीच्या माणसांचं जेवण पोहोचवायला निघाली होती.

“गाडीला काय झालं?”

“गाडीला काहीही झालेलं नाही,” नेस्टर ठामपणे म्हणाला.

“मग तुम्हाला झालंय काही?”

या प्रश्नाची त्यानं तयारी केलेली नव्हती. एकदा नाही म्हणण्यातच त्याची सगळी शक्ती संपली होती. समोर बाई उभी, मागं रस्सा निवत चाललेला. लागोपाठ दोनदा नाही म्हणायचं म्हणजे अगदीच...

“जरा डोकं हलकं झाल्यासारखं वाटलं,” तो पुटपुटला.

पुढच्या क्षणी तो मागच्या सीटवर आडवा होता. डोक्याखाली बाईच्या पिकअपमधल्या पिसांच्या दोन उशा होत्या, अंगावर गोधडी, कपाळावर ओला टॉवेल, आणि पाय उंच हवेत म्हणून पायांखाली ती झुकिनी. बाईचं नाव ग्लॅडिस. तिनं त्याची नाडी धरली आणि आकाशाकडं बघत मोजली.

“याला पहिल्यापासून असंच होतं,” ओस्टाप म्हणाला. तोवर त्याच्या हातात रश्शाची वाटी आली होती, आणि ज्याच्या घरचं खातो त्याच्या बाजूनं बोलायचं, हा त्याचा जुना नियम होता.

“ओस्टाप!”

“बोलू नका हो आजोबा,” ग्लॅडिस म्हणाली. “कुठं निघालात या वयात?”

“ब्रँडनला,” ओस्टापनं सांगितलं. “मुलीकडं. नर्सेसची प्रमुख आहे, लारिसा.”

“लारिसा हावरिश? अहो, माझी नणंद तिच्या हाताखाली आहे!”

आमच्याकडे माणसं थोडी आणि भुई अफाट, म्हणून लोकांना वाटतं इथं एकमेकांना कुणी ओळखत नसेल. खरं तर इथं अनोळखी माणूस मिळणंच मुश्कील आहे. ग्लॅडिसनं नणंदेला फोन लावला. नेस्टर सीटवरून ऐकत होता. ‘डोकं हलकं झालं’ असं त्यानं सांगितलं होतं. ग्लॅडिसच्या तोंडी त्याचं ‘चक्कर आली’ झालं. नणंदेनं पलीकडे कुणाला तरी ओरडून सांगितलं, त्यात ‘कोसळले’ हा शब्द त्याला स्पष्ट ऐकू आला. मग फोन त्याच्या कानाला लावला गेला.

“तातो, हलू नका. मी निघाले.”

“अगं, मला काही...”

“बोलू नका. रक्तदाब वाढतो. तरी मी म्हणत होते! आता मी येते, गाडी ग्लेन नंतर घेऊन येईल, आणि सोमवारी आपण ती खोली नक्की करून टाकू. ठेवते.”

नेस्टरनं टॉवेल डोळ्यांवर ओढला. टॉवेलाखाली काळोख होता, आणि त्या काळोखात त्याला एकच फळी असलेली खोली दिसली. फळीवर एक घड्याळ होतं आणि बिंगोचं कार्ड.

ग्लॅडिस म्हणाली, “घरून सूप आणि सस्कटून बेरी भरलेली गोड पाई घेऊन येते. जवळच आहे. हलायचं नाही,” आणि ती गेली.

धूळ खाली बसली. नेस्टर उठून बसला. टॉवेल घडी करून त्यानं बाजूला ठेवला.

“झोप रे,” ओस्टाप म्हणाला. “पाई येतेय.”

“ओस्टाप, पुढं बस.”

“बेरीची आहे, नेस्टर. कोमट असणार.”

“ती मला न्यायला इथं आली, तर मी संपलो. तिच्या दारात मी माझ्या चाकांवर जायला हवं. पुढं बस, नाहीतर इथं राहून पाई खा.”

चाळीस वर्षांच्या मैत्रीत नेस्टरनं हा आवाज कधी काढला नव्हता. ओस्टापनं आधी ग्लॅडिसच्या घराच्या दिशेनं बघितलं, मग मित्राकडं बघितलं. त्याच्या मनात जी झुंज झाली तिला तोड नाही. शेवटी तो पुढं येऊन बसला. पण पुढचे पाच मैल तो मान वळवून पाईच्या दिशेनं बघत बसला.

नेस्टर मात्र बोलू लागला. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणापासून तरी पळाला होता, दोन उशा आणि एक गोधडी घेऊन पळाला होता, आणि त्याला हलकं हलकं वाटत होतं. पट्टासुद्धा हळूहळू सैल होऊन आता नुसता कण्हत होता. नेस्टरनं एक हात चाकावरून उचलून बघितला. गाडी सरळच चालली होती.

“तुला माहीत आहे का, हे रस्ते इतके सरळ कसे?” तो म्हणाला. “उत्तरेकडं जाणाऱ्या रेषा सरळ आखल्या, पण पृथ्वी गोल. वर वर जावं तशा रेषा एकमेकींजवळ येणार. मग चौकटी जुळणार कशा? म्हणून मोजणीदारांनी काय केलं, ठरावीक अंतरावर रेषा तोडली आणि थोडी बाजूला सरकवून पुन्हा सुरू केली. वाचलंय मी. फार सुंदर कल्पना आहे. म्हणजे बघ, असा सरळ चाललेला रस्ता एका जागी एकदम संपतो, आणि...”

रस्ता संपला.

बाजूला सरकून तो पुन्हा सुरू झाला होता, नेस्टरनं वाचलं होतं अगदी तसाच. गाडी मात्र सरळ गेली. चर ओलांडून, लव्हाळी झोडपत ती एका डबक्यात शिरली आणि पुढची चाकं चिखलात रुतवून शांत झाली. सगळी बदकं एकदम उडाली.

“पुढं सांग,” ओस्टाप म्हणाला. “एकदम संपतो, आणि?”

दोघांनी बाहेर पडून पाहिलं. दोघांनाही काही लागलं नव्हतं. लागलं ते नेस्टरच्या विद्वत्तेला, आणि ती जखम दिसत नव्हती.

“काळजी नको,” ओस्टाप म्हणाला. “येईल आता कुणीतरी.”

ते रस्त्यावर जाऊन उभे राहिले. पूर्वेला कुणी नव्हतं. पश्चिमेला कुणी नव्हतं. सकाळपासून नुसतं थांबलं की माणसं उगवत होती. आता तास गेला होता, गाडी नाकापर्यंत चिखलात होती, आणि सगळी प्रेअरी जणू जेवायला बसली होती. नेस्टरनं झाकण उघडून ठेवलं. टॉवेल हलवला. फक्त इथली एक बिळात राहणारी खार बाहेर येऊन, उभी राहून बघून गेली.

मग ओस्टापनं डोळे बारीक केले. जवळचं त्याला दिसत नसे, पण दूरची धूळ तो अजून वाचू शकत होता. आयुष्यभर कोठाराच्या दारात उभं राहून त्यानं तेच केलं होतं.

“धूळ उठलीय. पूर्वेकडून. छोटी गाडी आहे. बाई चालवतेय, आणि रागात आहे.”

“किती लांब आहे?”

“आहे बरीच. पण राग जास्त आहे.”

नेस्टरनं कोट काढला, घडी करून कुंपणाच्या खांबावर ठेवला, आणि बाह्या वर केल्या. “ती यायच्या आत गाडी रस्त्यावर हवी,” तो म्हणाला.

त्यानं फावडं काढलं. तिसऱ्या घावाला दांडा हातात राहिला आणि पातं चिखलात. देणाऱ्याला ते बरेच दिवस कुणाला तरी द्यायचं होतं, हे आता कळलं. वाळूचं पोतं ओतलं, ते डबक्यानं गिळलं. दोर होता, पण ओढणारं कुणी नव्हतं. नेस्टर चिखलात गुडघाभर उभा राहिला आणि ओलेना काय करायची ते आठवू लागला. दर हिवाळ्यात ती बर्फात रुतलेली गाडी काढायची. तो शेजारीच असायचा. पण बघितलं कुणी होतं? तो वाचत होता. आठवत होती ती फक्त पुस्तकातली ओळ. गाडी मागं जायची तशी ती डोळ्यांसमोरून निसटायची, पुढं यायची तशी पुन्हा सापडायची. मागं, पुढं. मागं, पुढं. आणि मग एकदम लांब मागं, इतकी की पान उलटायचं.

“ओस्टाप, गाडीच्या नाकावर बस.”

“कशावर?”

“वजन हवं. तुझ्याइतकं दुसरं काही नाही इथं.”

दोन उशा दोन चाकांच्या मागं गेल्या, गोधडी त्यांच्या मागं. नेस्टरनं झाकण लावलं, ओस्टाप क्रूसाची खूण करून नाकावर चढला आणि काच पुसायची दांडी धरून बसला. नेस्टरनं गाडी मागं घेतली, पुढं घेतली. मागं, पुढं. घाई केली नाही. ओळ निसटते, सापडते, निसटते. उशा फुटल्या आणि सगळीकडं हंसाची पिसं उडाली. “नेस्टर, मला उतरू दे!” ओस्टाप ओरडला. “बसून राहा!” नेस्टर ओरडला, आणि पान उलटायची वेळ आली तसा त्यानं पाय दाबला. गाडी गुरगुरत, पिसं उडवत, चर ओलांडून, ओस्टापसकट रस्त्यावर आली.

तेवढ्यात लारिसाची गाडी समोर येऊन थांबली.

ती उतरली. वडील चाकामागं ताठ बसले होते, कमरेपर्यंत चिखल, केसांत पिसं. ओस्टाप गाडीच्या नाकावर होता आणि उपटून आलेली दांडी त्याच्या हातात होती.

“तातो! काय झालं?”

सकाळपासून जेव्हा काहीही झालेलं नव्हतं, तेव्हा नेस्टरनं काहीतरी झाल्याचं सांगितलं होतं. आता त्यानं काच खाली केली.

“काही झालेलं नाही,” तो म्हणाला.

“काही नाही? हे काय आहे मग? ओस्टाप काका तिथं वर काय करतायत?”

“हवा खातोय ग,” ओस्टाप म्हणाला आणि सावकाश उतरला.

“तुम्ही कोसळला होतात!”

“मी आडवा झालो होतो. एका बाईंचं मन राखायला.”

“उतरा. माझ्या गाडीत बसा. ही गाडी ग्लेन घेऊन येईल.”

नेस्टरच्या घशात नेहमीचं ‘बरं’ येऊन उभं राहिलं. लारिसा खास त्याच्यासाठी आली होती. काम टाकून आली होती, तिचे डोळे लाल होते. अशा माणसाला रिकाम्या हातानं परत पाठवणं म्हणजे... त्यानं चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

“नको,” तो म्हणाला. “तू आलीस, बरं वाटलं. पण मी उतरणार नाही. बाजूला घे तुझी गाडी, मला सरळ जायचंय.”

लारिसा उभी राहिली. तिनं हात कमरेवर ठेवले. मग ओस्टापकडं बघितलं.

“माझ्याकडं बघू नकोस, बाळ,” ओस्टाप दार उघडत म्हणाला. “याच्यापायी माझी पाई गेलीय.”

तिनं गाडी बाजूला घेतली. नेस्टर निघाला. ती मागं मागं आली, आपत्काळाचे दोन्ही दिवे लावून, आणि त्या दिव्यांना पाहून दोन ट्रक आणि एक शाळेची बस मदतीला तिच्या मागं लागली. अशा मिरवणुकीनं नेस्टर हावरिश ब्रँडनमध्ये शिरला. लाल दिव्याला तो थांबला, हिरव्याला निघाला, आणि मुलीच्या दारात त्यानं गाडी उभी केली. एक चाक झेंडूच्या वाफ्यात गेलं हे खरं, पण वाफा तिच्याच दारातला होता.

लारिसानं त्याला अंघोळीला पाठवलं, जेवू घातलं, ग्लॅडिसची फोनवर माफी मागितली, आणि उशांचा विषय काढला नाही. शेवटी टेबल पुसता पुसता ती म्हणाली, “तातो, कबूल केलं होतं ते आहेच. पण उद्या सकाळी नुसतं बघून तर येऊ. त्या लोकांना मी सांगितलंय आपण येतोय म्हणून. वाट बघतील बिचारे.”

ओस्टापनं काटा खाली ठेवला. लारिसा वडिलांना पुरतं ओळखून होती.

नेस्टरनं बशीतला, उकडलेल्या करंजीसारखा, शेवटचा पिरोही न्याहाळला. “जाऊ,” तो म्हणाला. “पण गाडी मी चालवेन.”

सकाळी लारिसा पुढं बसली, ओस्टाप मागं. शहर मागं पडलं. लारिसाचा उजवा पाय प्रत्येक वळणावर नसलेला ब्रेक दाबत होता. शेतांमधून रस्ता सरळ जात होता, आणि डाव्या हाताला ‘सोनेरी कुरण’ची पिवळी पाटी दिसू लागली. फाटक उघडं होतं. फाटकात कुणीतरी स्वागताला उभं राहून हात हलवत होतं. नेस्टरला ते दिसलं, त्याचे कान लाल झाले, आणि त्यानं एक हात उचलून तितक्याच अगत्यानं हलवला.

पाटी आली, फाटक आलं, हात हलवणारा माणूस आला आणि गेला.

“तातो,” लारिसा म्हणाली, “फाटक मागं राहिलं.”

“पाहिलं मी.”

गाडी चालत राहिली. लारिसा मान वळवून मागं बघत होती. पिवळी पाटी लहान लहान होत गेली आणि धुळीत दिसेनाशी झाली. मग ती सरळ होऊन बसली. तिनं सीटचा पट्टा नीट केला, आणि आरशात डोकावली.

“जरा वेग वाढवा,” ती म्हणाली. “मागच्या ट्रॅक्टरला पुढं जायचंय.”